द्राक्षवेलीची साल गोल काढली तरी वेल जगते, मग वळणावरचे कडुनिंब का वाळले?

ओलांडा
नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. गेल्या आठवड्यात मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे गर्डलिंग करून घेतले. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन पात्यांच्या चाकूने खोडाभोवती सालीचे साधारण चार मिलिमीटर रुंदीचे कडे काढून टाकतात, म्हणजे पानांत तयार झालेली साखर मुळांकडे न उतरता वरच राहते आणि मणी फुगतात. आमचे आप्पा बांधावर उभे राहून हे पाहत होते. ते म्हणाले, "जिचे खायचे तिचाच गळा चिरायचा, ही कसली शेती?"

मी ते हसण्यावारी नेले, परंतु घरी येताना वळणावरचे कडुनिंब दिसले आणि विचारात पडलो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी, बहुधा पाटी झाकली जाते म्हणून, त्या झाडाची वीतभर रुंदीची साल चहूबाजूंनी काढली होती. झाड तो सगळा पावसाळा आणि हिवाळा हिरवेगार राहिले आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळले. माझी मुलगी सांगलीला अकरावीत शिकते. तिने पुस्तक उघडून सांगितले की जलवाहिनी पाणी वर नेते, रसवाहिनी अन्न खाली आणते, आणि सालीबरोबर रसवाहिनी निघून गेली की मुळे उपाशी मरतात. उत्तर पटले, परंतु मग माझ्या अठराशे वेलींची मुळे दर वर्षी उपाशी का मरत नाहीत? शेजारच्या उसाला असेच कडे काढले तर त्याची साखर वाढेल काय, असा पुढचा प्रश्न मुलीने विचारला, आणि त्याचे उत्तर तिच्या पुस्तकातही नाही आणि माझ्याकडेही नाही.

सातारी_कंदी
उसाची साखर अशी वाढत असेल तर ही गोष्ट धाग्याबाहेर जाऊ देऊ नये. नाहीतर पुढच्या हंगामापासून तोडणीच्या यादीत कडे काढल्याचा दाखला मागतील.

प्रयोगवही
मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तर सवयीचा दोष समजावा.

सगळा घोटाळा 'साल' या शब्दात आहे, कारण आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. द्राक्षाच्या जुन्या खोडावरून जी तपकिरी, दोऱ्यांसारखी साल हाताने ओढली तरी सुटते, ती मेलेली असते. ती एके काळची रसवाहिनीच आहे, मात्र बुचाच्या थराने बाहेर टाकलेली. ती सोलली की आत ओलसर, हिरवट पांढरा थर लागतो आणि तीच आजची, कामावर असलेली रसवाहिनी होय. तिच्याही आत, डोळ्यांना न दिसणारा, काही पेशींच्या जाडीचा एक थर असतो. त्याला एधा म्हणतात. ही विभाजी ऊती आहे, म्हणजे तिच्या पेशी सतत दुभंगत राहतात, आतल्या बाजूस लाकूड घालतात आणि बाहेरच्या बाजूस नवी रसवाहिनी घालतात. द्विदल झाडाचे खोड वर्षानुवर्षे जाड होते ते हिच्यामुळे.

वेल जोमात वाढत असताना एधेच्या पेशी कोवळ्या आणि पातळ भिंतींच्या असतात, म्हणून साल नेमकी तिथेच सुटते. कडे निघाले की लाकडाच्या ओल्या पृष्ठभागावर या कोवळ्या पेशींचा काही अंश शिल्लक राहतो आणि लाकडातून आडव्या जाणाऱ्या जिवंत पेशींच्या पट्ट्यांची, म्हणजे किरणांची, टोकेही उघडी पडतात. तिथून, आणि त्याहून अधिक वरच्या काठाकडून, मऊ पेशींची भर सुरू होते. बागायतदार तिला कॅलस म्हणतात. वरच्या काठाला जोर अधिक, कारण अडलेली साखर तिथे साचलेली असते. ही भर चार मिलिमीटरांचे अंतर तीन ते पाच आठवड्यांत ओलांडते, तिच्यात नवी एधा जुळते आणि ती पुन्हा रसवाहिनी घालू लागते. तेवढे दिवस मुळे स्वतःकडच्या पिठावर निभावून नेतात.

वीतभर अंतर मात्र कोणत्याही काठाला ओलांडता येत नाही. शिवाय उघडे लाकूड उन्हात सुकले की पृष्ठभागावरच्या पेशी मरतात आणि भर पडायला काही उरत नाही. कडुनिंबाने मुळांतला साठा जपून वापरत आठ-दहा महिने काढले. पाने हिरवी राहिली, कारण पाणी लाकडातून वर जात होते आणि लाकडाला कोणी हात लावला नव्हता. आपल्या कन्येचे उत्तर बरोबर आहे, त्यात फक्त रुंदी आणि काळ यांचा हिशेब राहिला होता. इटलीच्या मालपिगी याने सतराव्या शतकात झाडांची अशीच कडी काढून पाहिली होती आणि वरचा काठ फुगतो हे नोंदवून ठेवले होते. आपणही यंदा पंधरा दिवसांनी वरच्या काठावरून बोट फिरवून पाहावे.

शांत_कृष्णा
ताई, आपले विवेचन आवडले, परंतु एक शंका राहते. लाकूड मेलेले असते असे आम्हांला शिकवले आहे. मेलेल्या नळीतून पाणी वर कसे चढते? आमच्या विहिरीवरची मोटर बंद पडली की पाइपमध्ये थेंब चढत नाही. मग कडुनिंबाच्या शेंड्याला आठ महिने पाणी कोणी पोचवले?

प्रयोगवही
मोटर आहे, मात्र ती वर आहे. पानांच्या पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ होते, त्यामुळे पानातल्या पेशींच्या भिंतींतले पाणी ओढले जाते, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे ती ओढ अखंड धाग्यासारखी मुळांपर्यंत पोचते. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये ही कल्पना मांडली आणि आजही मूळ स्पष्टीकरण तेच मानले जाते. अशा ओढीत नळी आतल्या आत मिटू नये म्हणून तिच्या भिंतीत लिग्निन हे कडक द्रव्य भरलेले असते. उलट नळी जिवंत असती तर आतला पेशीरस वाटेत अडथळाच ठरला असता. पेशी स्वतःची भिंत बांधून मरते आणि मेल्यावर तिचे खरे काम सुरू होते.

ऑक्टोबर छाटणीनंतर कापलेल्या काडीच्या टोकातून कधीकधी पाणी ठिबकते, ते मात्र वेगळ्या कारणाने. तेव्हा वर पाने नसतात, म्हणजे ओढ नसते, आणि मुळेच पाणी खालून ढकलतात. इंग्लंडच्या स्टीफन हेल्स याने कापलेल्या द्राक्षवेलीच्या बुंध्याला काचेची नळी बांधून हा दाब मोजला आणि १७२७ मध्ये प्रसिद्ध केला.

ओलांडा
मोटर वर आहे, हे वाक्य आप्पांना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "मग बिल कोण भरतो?" मी सूर्य असे सांगितले तेव्हा ते प्रथमच गप्प बसले.

पेरेमोजणी
वाळवा तालुक्यातून लिहीत आहे. उसाच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून मी लावतो.

उसाला कडे काढताच येत नाही, कारण काढण्यासारखी साल त्याला नाही. आपण दातांनी सोलतो ते बाहेरचे टणक आवरण आहे, त्याला साल म्हणणे ही बोलण्याची सोय झाली. कोयत्याने ऊस स्वच्छ आडवा तोडून त्या तोंडाकडे पाहा, पांढऱ्या गरात शेकडो ठिपके विखुरलेले दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतंत्र वाहक वृंद असतो. त्यात पाण्याची वाट आणि साखरेची वाट शेजारी शेजारी, आणि भोवती दृढ ऊतीचे, म्हणजे जाड भिंतींच्या टणक पेशींचे, म्यान. काठाकडे हे ठिपके दाट होतात, म्हणून आवरण टणक लागते. द्राक्षात साखरेच्या सगळ्या वाटा एका कड्यात बाहेर मांडलेल्या असतात, त्यामुळे एका कापात सगळ्या तुटतात. उसात त्या गरभर पांगलेल्या असल्याने सगळ्या तोडायच्या तर ऊसच तोडावा लागेल. आमच्याकडे उंदीर पेऱ्याचा तिसरा हिस्सा कुरतडून जातो आणि ऊस पुढेही उभा असतो, यामागचे कारण तेच.

मात्र उसात एधा नसल्यामुळे उंदराने पाडलेला तो खड्डा कधी भरून येत नाही. तोडणीपर्यंत तो तसाच लाल पडून राहतो. एकदल पिकाची वाढ वेगळीकडे असते. पेऱ्याच्या, म्हणजे दोन गाठींमधल्या भागाच्या, तळाशी, कांड्याला म्हणजे गाठीला लागून, वाढीचा एक पट्टा राखून ठेवलेला असतो, त्यालाच पुस्तकात आंतरीय विभाजी ऊती म्हणतात. २०१९ च्या पुरात आमचा ऊस आडवा झाला होता. पाणी ओसरल्यावर काही दिवसांत त्याचे शेंडे पुन्हा वर वळले, कारण त्या पट्ट्याची जमिनीकडची बाजू अधिक वाढते आणि पेर वर उचलते. पाण्यात राहिलेल्या कांड्यांना मुळ्या फुटल्या आणि डोळ्यांतून पांगशा निघाल्या. मुळ्यांची बीजे कांड्यावर ठिपक्यांच्या ओळींत आधीपासून असतात. लागणीच्या वेळी टिपरी मातीत ठेवतो तेव्हा हीच बीजे जागी होतात. फरक इतकाच की पुरात ती आम्हांला न विचारता जागी झाली, आणि पांगशांनी साखर खाल्ली.

सातारी_कंदी
म्हणजे 'ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये' ही म्हण शास्त्रीय नव्हे. बुडख्याचे पेर सर्वांत गोड असते.

पेरेमोजणी
बुडखा गोडच असतो, कारण खालची पेरी जुनी आणि पिकलेली असतात, शेंड्याकडची अजून वाढत असल्यामुळे साखर साठवत नाहीत. म्हणून वाढे बैलाला आणि बुडखा पाहुण्याला. म्हणीत मूळ म्हटले आहे, बुडखा नव्हे. मुळे चावून पाहिल्यास म्हण किती शास्त्रीय आहे ते कळेल.

वाईचा_घाट
थोडे शब्दांविषयी लिहितो, कारण मराठी विश्वकोशाच्या गावात राहून गप्प बसणे बरे दिसत नाही. शाळेच्या पुस्तकातले 'जलवाहिनी' आणि 'रसवाहिनी' हे शब्द सोपे आहेत, परंतु दिशाभूल करणारे आहेत. जुन्या मराठी वनस्पतिशास्त्रीय लेखनात 'प्रकाष्ठ' आणि 'परिकाष्ठ' असे शब्द आहेत. प्रकाष्ठ म्हणजे लाकडाचा भाग, परिकाष्ठ म्हणजे त्याच्या भोवतीचा. वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली याने १८५८ मध्ये झायलेम आणि फ्लोएम हे मूळ शब्द घडवले तेही ग्रीक भाषेतल्या लाकूड आणि साल या शब्दांवरून, त्यांत पाणी आणि रस यांचा उल्लेख नाही. 'रसवाहिनी' म्हटले की मुलांना वाटते, गुऱ्हाळात चरकातून निघतो तो रस याच नळीतला आहे.

पेरेमोजणी
तो तर नक्कीच नाही. चरकातला बहुतेक रस गराच्या मूल ऊतीतून येतो. तिच्या पातळ भिंतींच्या मोठ्या पेशी साखरेच्या पाण्याने भरलेल्या असतात आणि चरकात त्या फुटतात. रसवाहिनी फक्त हमाल आहे, गोदाम वेगळे आहे. चुलवाणात जळते ते चिपाड म्हणजे मागे उरलेल्या भिंती, त्यांत वाहक वृंदांची म्यानेही आली. उसाला तुरा आला आणि तो तसाच उभा ठेवला की गरातल्या या पेशी कोरड्या पडतात, आपण त्याला दशी पडणे म्हणतो. वजन घटते ते तिथे.

वाईचा_घाट
हमाल आणि गोदाम हे शब्द विश्वकोशाला सुचले नाहीत, याची खंत वाटते.

खुंटकलम
माझी पलूसकडे रोपवाटिका आहे. प्रयोगवही ताईंचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, परंतु एका ठिकाणी मतभेद आहे. कडे लवकर बुजले पाहिजे असा त्यांचा सूर दिसतो. बागायतदाराला मात्र ते मणी फुगेपर्यंत उघडेच हवे असते. दोन आठवड्यांत बुजले तर मजुरी वाया गेली असे समजतात. म्हणून आमच्याकडचे जुने कारागीर कडे काढल्यावर चाकूच्या पाठीने लाकडावरून एकदा घासतात. सालीचा एखादा धागा राहिला तरी साखर त्यातून खाली उतरते आणि परिणाम निम्मा होतो, हेही अनुभवाचे आहे.

कलमातही खेळ याच एधेचा आहे. डॉगरीजच्या खुंटावर आपण द्राक्षाची काडी पाचर मारून बांधतो तेव्हा दोघांची जाडी सारखी नसली तर काडी एका बाजूस सरकवून बसवतो, म्हणजे निदान एका काठावर एधेला एधा भिडते. मधोमध बसवली तर दिसायला सुबक दिसते आणि काडी वाळते. नवीन मुलांना हे पटवणे सर्वांत कठीण जाते, कारण जो थर जुळवायचा तो दिसतच नाही. केळी, ऊस, नारळ यांची कलमे होत नाहीत, कारण तिथे भिडवायला एधाच नाही.

प्रयोगवही
घासण्याविषयी तुमचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे, म्हणून इतकेच म्हणते की चाकू लाकडाला टेकावा, परंतु लाकूड खरवडू नये. धागा राहू नये हे योग्यच आहे. मात्र पृष्ठभागावरच्या पेशी आणि किरणांची टोके खरवडून गेली तर भर केवळ काठांकडून यावी लागते, आणि वेल अशक्त असेल तर ती मध्येच थांबते. मग ते कडे आणि वळणावरचे कडुनिंब यांत फरक फक्त रुंदीचा उरतो.

एकदलांच्या कलमाबाबत एक दुरुस्ती सुचवते. मोठ्या खोडांना तुमचे विधान लागू आहे. परंतु २०२२ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी बियांतल्या गर्भावस्थेतल्या कोवळ्या ऊती जोडून एकदलांची कलमे करून दाखवली, अगदी गव्हाचा अंकुर ओटच्या मुळांवरसुद्धा.

खुंटकलम
गर्भातच कलम करायचे म्हणजे पाळण्यात लग्न लावण्यासारखे झाले. खरवडण्याविषयी माझे मत अजून बदललेले नाही, परंतु अशक्त वेलीला गर्डलिंग करूच नये, हे मान्य.

मिरजेची_तार
आमच्या गल्लीत सतारी आणि तंबोरे होतात, त्यामुळे माझा संबंध भोपळ्याशी. तंबोऱ्याचा भोपळा वाळल्यावर टणक होतो तो सालीखालच्या दृढ पेशींच्या थरामुळे. आतला गर वाळून सुटतो, तो काढून टाकला की उरते ते कवच. पेरू खाताना दातांखाली कण लागतात, त्याही याच जातीच्या पेशी असतात, फक्त त्या विखुरलेल्या आणि भोपळ्यात त्यांची फरसबंदी.

मूळ प्रश्नाला जोडून सांगण्यासारखे एक आहे. भोपळ्याच्या वेलीची साल कड्यासारखी काढली तरी साखर पूर्ण अडणार नाही, कारण भोपळावर्गात रसवाहिनी लाकडाच्या बाहेरही असते आणि आतही असते. बारावीला सूक्ष्मदर्शकाखाली हा काप पाहिला होता, तेव्हा प्रत्येक वृंदात दोन ठिकाणी रसवाहिनी पाहून मला काप उलटा ठेवला आहे असे वाटले होते आणि मी तो दोनदा फिरवला होता.

प्रयोगवही
अगदी योग्य आठवण केलीत. वांगी, टोमॅटो, तंबाखू यांतही लाकडाच्या आतल्या बाजूस रसवाहिनी असते. द्राक्षाला ती सोय नाही. निसर्गाने द्राक्षाला भोपळ्यासारखे बांधले असते तर तासगावात गर्डलिंगचा चाकू विकला गेला नसता.

जतचा_वारा
जत भागात द्राक्षापेक्षा शाळू जवळचा. लहानपणी आम्ही शाळवाच्या वाळलेल्या ताटाची बैलगाडी करत असू. वरची चोय नखाने सोलून काढायची, आतल्या पांढऱ्या भेंडाचे तुकडे करून चाके करायची, आणि चोयीच्या काड्या भेंडात खुपसून जू आणि साटा उभा करायचा. चिपाडाचा चष्माही याच कारागिरीतला. आज हा धागा वाचताना लक्षात आले की आम्ही दृढ ऊती आणि मूल ऊती हातांनी वेगळ्या करत होतो. भेंड मऊ, हलके आणि खुपसले की धरून ठेवणारे. चोय चिवट, कडेने बोट कापणारी. भेंडातून मधूनमधून जे दोरे ओढले जात, ते वाहक वृंद होते.

आता मूळ विषयाची उलटी बाजू सांगतो. आमच्याकडे आणि आटपाडीकडे डाळिंबाला मर रोग लागतो. त्यात झाड कडुनिंबासारखे आठ महिने काढत नाही. आधी एखादी फांदी पिवळी पडते आणि मग पाहता पाहता झाड उभेच्या उभे सुकते, फळे तशीच लटकलेली राहतात. खोड आडवे कापले तर लाकडात काळपट तपकिरी डाग ताऱ्यासारखे पसरलेले दिसतात. तिथे बुरशीने पाण्याची वाट बिघडवलेली असते. अन्नाची वाट तुटली तर झाड महिन्यांच्या हिशेबाने मरते, पाण्याची तुटली तर दिवसांच्या. माझी स्वतःची दीडशे झाडे अशी गेली, तेव्हा हा फरक मी पुस्तकाआधी शिकलो.

शांत_कृष्णा
वाईट वाटले, दादा. मातीचा निचरा तपासला होता काय?

जतचा_वारा
नंतर तपासला. नेहमीप्रमाणे नंतरच.

पाचट
अवांतर होईल, परंतु हळदीवर कोणीच बोलले नाही, आणि सांगलीच्या धाग्यावर हे बरे नव्हे. ओले हळकुंड आडवे मोडले की आत एक वर्तुळ दिसते, काठाशी समांतर. माझे काका म्हणत की हळकुंडाच्या आत दुसरे हळकुंड आहे. ते काय असते?

प्रयोगवही
काकांचे निरीक्षण उत्तम आहे. ती अंतस्त्वचेची रेघ आहे, बाहेरचा बाह्यक आणि आतला गाभा यांच्यामधली. वाहक वृंद दोन्हीकडे विखुरलेले असतात, उसासारखेच, कारण हळदही एकदल आहे. आणि हळकुंड हे मूळ नव्हे, खोड आहे. त्यावर पेरी आहेत, शल्कपर्णांच्या खुणा आहेत, डोळे आहेत, म्हणून तर जेठे गड्डे लावले की कोंब येतात. पिवळा रंग सगळीकडे सारखा नसतो, मूल ऊतीत विखुरलेल्या तैलपेशींत तो अधिक असतो. बाकी पेशींत पीठ असते आणि हळद शिजवताना ते पीठ फुगून चिकट होते, म्हणून शिजवलेले हळकुंड वाळल्यावर शिंगासारखे टणक होते. आयोडीनचा थेंब टाकल्यास पिठाचा निळा रंग दिसतो, मात्र पिवळ्यावर निळा पडून हिरवट भास होतो, त्याने फसू नये.

ओलांडा
मंडळी, पाच आठवड्यांनी परत येत आहे. मध्ये बागेची कामे होती, आणि मुलगीही सुट्टीत घरी आली होती.

तिने आधी एक उद्योग केला. छाटणीच्या वाळलेल्या काड्या आणि एक ताजी काडी ब्लेडने आडवी कापली. वाळलेल्या काडीच्या तोंडावर सुईने टोचल्यासारखी भोके नुसत्या डोळ्यांना दिसतात, हे मी तीस वर्षे काड्या जाळूनही पाहिले नव्हते. त्या पाण्याच्या नळ्या आहेत असे ती म्हणाली आणि एक हातभर लांब काडी तोंडात धरून दुसरे टोक पाण्यात बुडवून फुंकर मारली, तर बुडबुडे आले. आप्पांनी मग घरातल्या सगळ्यांना फुंकायला लावले. उसाच्या तुकड्यानेही तोच प्रयत्न झाला, परंतु कांड्याशी वाट आडवी-तिडवी होत असल्यामुळे की काय, हवा गेली नाही. निशिगंधाची दांडी लाल शाईत ठेवली, ती दुसऱ्या दिवशी पाकळ्यांपर्यंत रेघांनी रंगली.

आता मुद्द्याचे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे पंधरा दिवसांनी बोट फिरवून पाहिले. वरचा काठ खरोखर फुगून ओठासारखा झाला होता, खालचा जवळजवळ तसाच होता. आज पाहणी केली तेव्हा बहुतेक सगळ्या वेलींची कडी भरून आली आहेत. अकरा वेलींची मात्र भरलेली नाहीत. त्या सगळ्या एकाच ओळीच्या शेवटी आहेत आणि त्या ओळीवर संध्याकाळी घाईने काम झाले होते. तिथे लाकूड खरवडल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. खुंटकलम दादांनी राग मानू नये. ताई, या अकरांचे काय करावे?

खुंटकलम
राग कसला, अकरा हा आकडा मलाही विचार करायला लावतो. मात्र बाकीच्या ओळींत मणी किती फुगले आणि या ओळीत किती, हे तोडणीच्या वेळी मोजून सांगा, मग बोलू.

प्रयोगवही
त्यांच्या मुळांना अन्न वरून मिळत नाही, तर खालून मिळू द्यावे. कड्याच्या खाली खोडावर फुटवा आला असेल तर एरवी आपण तो काढून टाकतो, या अकरा वेलींचा काढू नका. त्याला पाने आली की तीच पाने मुळांना साखर पुरवतील, कारण त्यांच्या आणि मुळांच्या मध्ये कडे नाही. तो फुटवा डॉगरीजच्या खुंटाचा असला तरी चालेल, मुळे त्याचीच आहेत. पाण्याचा ताण पडू देऊ नका. उघड्या भागाला आता चाकू लावू नका, नखसुद्धा नको. वनस्पतिशास्त्रज्ञ कॅथरीन इसॉ यांनी कॅलिफोर्नियात द्राक्षवेलीच्या रसवाहिनीचा वर्षभराचा दिनक्रम अभ्यासला होता. तिथल्या थंड हिवाळ्यात रसवाहिनीच्या चाळण्या, म्हणजे अन्न पुढे जाऊ देणारी छिद्रे, बंद होतात आणि वसंतात पुन्हा उघडतात. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, हे अकरा वेलींच्या बाजूने आहे.

सातारी_कंदी
ताई, तुम्ही ओलांडा यांना फुटव्याच्या झाडावर चढवत आहात.

प्रयोगवही
हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यापेक्षा बरे. त्याच्या खोडात माणूस पेलण्याइतके लाकूड नसते.

ओलांडा
अकरांपैकी सात वेलींना खालून फुटवे आहेत, ते राखले. चार वेलींना काहीच नाही, त्यांचे एप्रिल छाटणीला कळेल.

फुटव्यांचे हे कारण आप्पांना सांगितले तेव्हा ते काही न बोलता चप्पल घालून बाहेर पडले. तासाभराने त्यांनी मला वळणावर बोलावले. वाळलेल्या कडुनिंबाच्या बुंध्याशी, काढलेल्या सालीच्या कड्याच्या बोटभर खाली, पाच-सहा कोंब फुटलेले होते आणि शेळ्यांनी ते वारंवार खाल्ल्यामुळे बोटाएवढेच राहिले होते. म्हणजे मुळे अजून पूर्ण गेलेली नाहीत. आम्ही बाभळीच्या काट्या आणून भोवती रोवल्या आहेत. पाटी मात्र आता स्वच्छ दिसते, आणि तिच्यावरचा रंग उडालेला आहे.

पेरेमोजणी
काट्या शेळीच्या मानेच्या उंचीपेक्षा वर ठेवा. आमच्या बांधावरच्या कडुनिंबाला कमरेएवढ्या ठेवल्या होत्या, त्याचा शेंडा शेळीने मागच्या पायांवर उभी राहून खाल्ला.